लॅपटॉपवर एचडीसीडी, एन्हान्स्ड सीडी, एसएसीडी: कोणता प्लेअर घालू?

पेठेतला_पक्या

मंडळी, नमस्कार. ज्यांच्याकडे अजून सीडी ड्राइव्ह आहे त्यांच्यासाठी प्रश्न.

मागच्या रविवारी जुन्या बाजारात एका पथारीवर सीड्यांचं अख्खं खोकं मिळालं. विकणारा म्हणाला, परदेशातून कायमचं परत आलेल्या कुणाच्या तरी घरातला माल. घासाघीस करून सातशेला पडलं. रॉक, जाझ, थोडं वेस्टर्न क्लासिकल. डिस्का चकाचक, एकावर ओरखडा नाही. आता घरी आणून बघतो तर कव्हरांवर भलतेभलते लोगो.

काहींवर एचडीसीडी असं आहे. व्हीएलसीत वाजतात, पण साध्या सीडीपेक्षा वेगळं काय ते कळत नाही. प्लेअरला त्यात काही खास आहे हे उमगलंय असंही दिसत नाही.

एकावर एन्हान्स्ड सीडी लिहिलंय. ती एक्सप्लोररमध्ये उघडली की गाणी गायब, नुसते फोल्डर आणि एक .exe. ते चालवलं तर 'हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही'. बरं, गाणी रिप करायला, म्हणजे लॅपटॉपवर उतरवायला, घेतली तर शेवटचं गाणं कव्हरवर ४:०५ आणि माझा रिपर दाखवतो ६:३७. गाणं संपलं की ड्राइव्ह घरघरायला लागतो आणि शेवटी एरर. बाकीची सगळी गाणी नीट उतरतात. डिस्क काचेसारखी स्वच्छ आहे, म्हणून जास्त चिडचिड होते.

दोन एसएसीडी आहेत. एक साध्या सीडीसारखी वाजते. दुसरी घातली की ड्राइव्ह थोडा वेळ फिरतो आणि डिस्कच नाही म्हणतो.

एक डीव्हीडी-ऑडिओ. व्हीएलसीत वाजते, फोटोबिटो येतात, पण माहितीत बघितलं तर डॉल्बी, ४४८ केबीपीएस. कव्हरवर तर चांगलं २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ छापलंय.

आणि एक डीटीएसवाली, दिसायला साधी सीडीच. ती लावली आणि हेडफोनमधून असा काही फस्स आवाज आला की मी हेडफोन फेकलाच.

सामान असं: विंडोज ११ चा लॅपटॉप, यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी रायटर, एक छोटा डॅक (डिजिटलचा ॲनालॉग आवाज करणारा डबा) आणि हेडफोन. खर्च करायची तयारी नाही. हे सगळं ओळखून वाजवणारं एखादं सॉफ्टवेअर आहे का?

---

गिरगावचा_गण्या

एवढा उपद्व्याप कशाला राव? त्यातलं निम्मं तरी ऑनलाइन सापडेल, तेही चांगल्या क्वालिटीत. सीड्या पोराटोरांना कबुतरं हाकलायला द्या, गॅलरीत टांगून.

---

जुनी_तबकडी

गण्याशेठ, ऑनलाइन सापडेल ते रीमास्टर. १९९६ साली जे मास्टर झालं होतं तेच ऐकायचं असेल तर ती डिस्कच लागते. कबुतरांचं मात्र खरं आहे, आमच्याकडे नाशिकला निम्म्या सोसायटीत टांगलेल्या दिसतात.

पक्याभाऊ, तुमच्याकडे पाच वेगवेगळी भानगड आहे आणि प्रत्येकीत जादाचा माल वेगळ्या जागी लपवलेला आहे. 'प्लेअर कोणता' हा प्रश्न त्यातल्या तिघींनाच लागू. बाकीच्या दोघींत एक ड्राइव्हशी अडते आणि एक विंडोजशी. मी मुंबईत एका स्टुडिओच्या ट्रान्सफर खोलीत बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे हात सैल सोडून लिहितो. कंटाळा आला तर पुढे सरका.

आधी ते ६:३७. उणे ४:०५ म्हणजे २ मिनिटं ३२ सेकंद. हा आकडा बघितला आणि डिस्क तपासायची गरजच राहिली नाही. सीडीच्या सुरुवातीला जी अनुक्रमणिका असते तिच्यात प्रत्येक ट्रॅक कुठे सुरू होतो एवढंच लिहिलेलं असतं. कुठे संपतो ते नसतं. पुढचा जिथे सुरू झाला तिथे आधीचा संपला, असं सॉफ्टवेअर धरून चालतं. एन्हान्स्ड सीडीत, म्हणजे सोनी-फिलिप्सच्या १९९५ च्या ब्लू बुकप्रमाणे, गाणी पहिल्या सेशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या पहिल्या खंडात, असतात आणि कॉम्प्युटरचा डेटा दुसऱ्या. या दोन सेशनांच्या मधे पहिल्याचा लीड-आउट (शेवटचा पट्टा) ६,७५० फ्रेमचा, दुसऱ्याचा लीड-इन (सुरुवातीचा पट्टा) ४,५०० चा, आणि डेटा ट्रॅकच्या तोंडाशी १५० ची मोकळी जागा. झाले ११,४००. सेकंदाला ७५ फ्रेम, म्हणजे १५२ सेकंद. तुमची अडीच मिनिटं ती हीच. तिथे गाणं नाहीच, पण तुमचा रिपर ड्राइव्हला तिथे वाचायला पाठवतो आणि ड्राइव्ह बिचारा धापा टाकतो.

ज्यांना हे ठाऊक आहे ते ११,४०० वजा करून थांबतात. ईएसी, म्हणजे एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, ते नीट करतं आणि फुकट आहे. तुमचा आत्ताचा रिपर काढून टाका.

दोन सेशन कशाला, असं विचाराल. त्याआधी डेटा पहिल्याच ट्रॅकमध्ये ठेवायची पद्धत होती. लोक ती डिस्क हॉलमधल्या प्लेअरला लावायचे आणि पहिल्या ट्रॅकला स्पीकरमधून किंकाळी. म्हणून डेटा मागे, दुसऱ्या सेशनमध्ये नेला. घरगुती प्लेअर पहिल्या सेशनच्या पुढे बघतच नाही. विंडोजचं उलटं, त्याला डेटा दिसला की गाण्यांकडे पाठ. म्हणून तुम्हाला नुसते फोल्डर दिसले. गाण्यांसाठी एक्सप्लोररच्या वाटेला जाऊ नका, फूबार२००० नावाच्या प्लेअरमध्ये फाइल मेन्यूतून ऑडिओ सीडी उघडा.

तो .exe विसरा. त्या काळातले हे प्रोग्राम बरेचदा १६ बिटचे असत आणि ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचं काही चालत नाही, त्याला कोणताही प्लेअर उपाय नाही. पण आतल्या फोल्डरांत .mov किंवा .avi शोधा. सापडली तर उचलून व्हीएलसीत टाका. सिनेपॅक, इंडिओ असली जुनी कोडेक व्हीएलसीला अजून येतात. चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं असेल, पण मुलाखत वगैरे असेल तर ऐकायला मजा येते. अगदी मेन्यूसकट बघायची हौस असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये ३२ बिटचं जुनं विंडोज घाला. माझ्या मते ते तेवढ्या मेहनतीच्या लायक नाही.

आणि ऑटोप्ले आधी बंद करा. तुम्हाला माहीत असेल, २००५ साली सोनी बीएमजीने काही सीड्यांवर एक्ससीपी नावाचं कॉपी रोखणारं सॉफ्टवेअर घातलं होतं. ते याच डेटाच्या भागातून कॉम्प्युटरमध्ये शिरायचं आणि स्वतःला रूटकिटसारखं लपवायचं. मार्क रसिनोविच यांनी ३१ ऑक्टोबर २००५ ला ते उघड केलं आणि मग डिस्का परत मागवाव्या लागल्या. बाजारातल्या खोक्यात कोणत्या सालची काय डिस्क निघेल सांगता येत नाही.

आता एचडीसीडी. हा माझा आवडता विषय, त्यामुळे जरा दम धरा.

पॅसिफिक मायक्रोसॉनिक्स नावाच्या अमेरिकी कंपनीचं हे काम, कीथ जॉन्सन आणि मायकेल फ्लाउमर यांचं. १९९५ च्या सुमारास बाजारात आलं. सीडीवर नमुन्याला १६ बिट, त्यात बदल नाही. यांनी काय केलं, तर सोळाव्या, सगळ्यात खालच्या बिटमध्ये अधूनमधून गुप्त खुणा पेरल्या. साध्या प्लेअरला तो बारीक गोंगाट वाटतो, कानाला लागत नाही. ओळखणाऱ्या प्लेअरला त्यातून आज्ञा मिळतात: इथे आवाजाची शिखरं दाबली होती ती पुन्हा वर काढ, इथे हळू भाग उचलला होता तो परत खाली ने. असं करून २० बिटांच्या जवळपास पोचल्याचा त्यांचा दावा. २००० साली मायक्रोसॉफ्टने कंपनीच विकत घेतली आणि विंडोज मीडिया प्लेअरच्या ९ व्या आवृत्तीपासून त्यात एचडीसीडी आलं.

यातली मेख अशी की माल सोळाव्या बिटमध्ये आहे. म्हणजे तुम्ही बिट न् बिट तंतोतंत उतरवून फ्लॅक (काहीही न गमावता आकार कमी करणारी फाइल) केलं तर खुणा फाइलमध्येच राहतात, ड्राइव्हचा पुढे काही संबंध नाही. पण एमपीथ्री केलं, व्हॉल्यूम थोडा वाढवला, फेड दिला, नॉर्मलाइझ केलं, की खालचा बिट बदलला आणि सगळं गेलं. व्हीएलसी त्या खुणा वाचत नाही, म्हणून तुम्हाला काही वेगळं दिसलं नाही. फूबारला एचडीसीडीचा वेगळा कॉम्पोनंट, म्हणजे वरून जोडायचा तुकडा, मिळतो, तो घाला. उतरवताना तुमचं फूबार ३२ बिटचं आहे की ६४ बिटचं ते बघा, एकाचा कॉम्पोनंट दुसऱ्यात चढत नाही.

खरं काय आहे हे तपासायचं असेल तर मात्र एफएफएमपेग, हुकूम टाइप करून चालवायचं सॉफ्टवेअर. त्यात २०१६ पासून एचडीसीडीचा फिल्टर आहे. काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, फ्लॅक फाइल त्यातून काढा, शेवटी एक ओळ छापून येते: एचडीसीडी सापडलं की नाही, पीक एक्स्टेंड (शिखरं वर काढणं) वापरलंय का, गेन (आवाजाची पातळी) किती बदलला. ती ओळ इथे चिकटवा. कव्हरावरच्या लोगोवर माझा विश्वास नाही.

एसएसीडी थोडक्यात. १९९९ चा फॉरमॅट, एक बिटचा आवाज, सेकंदाला २८,२२,४०० वेळा. वाजली ती हायब्रिड, तिच्यात साध्या सीडीचा एक थर असतो आणि तुम्ही तोच ऐकलात. दुसरीत तो थर नाही. कॉम्प्युटरचा कोणताही डीव्हीडी किंवा ब्लू-रे ड्राइव्ह एसएसीडीचा खरा थर वाचत नाही, त्यामुळे सॉफ्टवेअर बदलून उपयोग शून्य.

डीव्हीडी-ऑडिओत दोन फोल्डर असतात. व्हिडिओवाल्यात साध्या डीव्हीडी प्लेअरसाठी डॉल्बी ठेवलेलं असतं, व्हीएलसीने तेच धरलं. खरा माल ऑडिओवाल्या फोल्डरमध्ये, एमएलपी नावाच्या लॉसलेस, म्हणजे काही न गमावणाऱ्या, पॅकिंगमध्ये. फूबारला डीव्हीडी-ऑडिओचाही कॉम्पोनंट आहे, तो घालून ऑडिओवाला फोल्डर उघडा.

डीटीएस सीडीवर आवाज नाहीच, ५.१ चा (सहा स्पीकरांच्या आवाजाचा) कोंबलेला डेटा ऑडिओच्या सोंगात बसवलाय. न उलगडता वाजवला तर पूर्ण ताकदीने फस्स. हेडफोन फेकलात ते बरं केलंत, ट्वीटर जळू शकतो. हिलाही फूबारचा डीटीएस कॉम्पोनंट. फ्लॅक करून ठेवली तर चालते, फक्त एचडीसीडीसारखंच, मधे व्हॉल्यूमला हात लावायचा नाही.

---

बेळगावकर_बी

एसएसीडीबद्दल एक भर. सुरुवातीच्या पीएस३ (सोनीचा प्लेस्टेशन ३) मध्ये एसएसीडी थेट वाजते. भावाने दुबईहून आणलेला आमच्याकडे आहे, गेम कोणी खेळत नाही, माझा तो एसएसीडी प्लेअर. एचडीएमआयमधून पीसीएम, म्हणजे साधा डिजिटल आवाज, करून बाहेर देतो. नंतरच्या मॉडेलांतून सोनीनेच ती सोय काढली, तेव्हा जुना घेताना मॉडेल नंबर बघूनच घ्या.

रिप करणारेही हाच वापरतात, फर्मवेअर ३.५५ किंवा त्याआधीचं असेल तरच. काही ब्लू-रे प्लेअरही, मीडियाटेकची चिप असलेले, नेटवर्कवरून डिस्क वाचून देतात. त्यातून आयएसओ (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत) निघाली की फूबारचा एसएसीडी कॉम्पोनंट ती वाजवतो.

---

जुनी_तबकडी

बरोबर. फक्त कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलंय, कुलूप तोडण्याबद्दलचं. हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तर, असं त्यात आहे. स्वतःच्या डिस्कची स्वतःपुरती प्रत आणि आयएसओ गावभर वाटणं यात फरक आहे, तो ज्याने त्याने बघावा. इथे लिंका टाकू नका एवढंच.

---

पेठेतला_पक्या

तबकडी काका, दंडवत घ्या.

ईएसी घातलं. शेवटचं गाणं ४:०५ ला गुपचूप थांबलं, एरर नाही की घरघर नाही. डेटाच्या फोल्डरमध्ये एक .mov निघाली, बँड स्टुडिओत बसून चहा-कॉफी पितोय आणि ड्रमर काहीतरी कुरकुरतोय. व्हीएलसीत चालली.

डीटीएसचा कॉम्पोनंट चढला, आता संगीत येतंय. हेडफोनवर ५.१ चं काय करायचं ते बघू.

एचडीसीडीत मात्र गोंधळलो. सगळ्या सीड्या फ्लॅक करून एफएफएमपेगमधून काढल्या. इंग्रजीतल्या ओळी इथे मराठीत लिहितो:

लोगो असलेली पहिली: एचडीसीडी सापडलं, पीक एक्स्टेंड कायम चालू, गेनमध्ये जास्तीत जास्त बदल ०.० डेसिबल.

लोगो असलेली दुसरी: एचडीसीडी सापडलं, पीक एक्स्टेंड कधीच चालू नाही, गेन ०.० डेसिबल.

आणि गंमत म्हणजे, एका जाझच्या सीडीवर लोगो कुठेच नाही, आतल्या पुस्तिकेतही नाही, तरी: सापडलं, पीक एक्स्टेंड कधीच नाही, गेन ०.०.

शिवाय पहिलीवालीची डीकोड केलेली फाइल मूळ फाइलपेक्षा हळू वाजते! सुधारायला गेलो आणि आवाज दबला की काय? मला तर मूळचीच जास्त जोरकस वाटते.

---

सांगलीकर_सम्या

एचडीसीडीचा आवाज मुळातच उबदार असतो, म्हणून हळू वाटतो. माझ्या मामाच्या प्लेअरवर दिवा लागायचा. दिवा लागला की फरक लगेच कळायचा.

---

जुनी_तबकडी

सम्या, दिवा लागला की फरक कळायचा, यातच सगळं आलं. दिवा झाकून ऐक आणि सांग.

पक्याभाऊ, आलेल्या ओळी फार बोलक्या आहेत.

दुसरी आणि ती लोगो नसलेली जाझची एकत्र घेऊ. दोन्हीत खुणा आहेत पण आज्ञा एकही नाही. शिखरं वर काढायची नाहीत, गेन हलवायचा नाही. म्हणजे डीकोड करा की नका करू, हाती तेच १६ बिट. असं का होतं? पॅसिफिक मायक्रोसॉनिक्सचं जे कन्व्हर्टर होतं, मॉडेल वन आणि पुढे मॉडेल टू, ते मास्टरिंगवाल्यांना त्याच्या आवाजासाठी आवडायचं. ते नुसतं ॲनालॉगचं डिजिटल करायला वापरायचे, एचडीसीडीच्या करामती बंद ठेवून. तरी यंत्र आपला शिक्का सोळाव्या बिटमध्ये मारून मोकळं. रेकॉर्ड कंपनीला कधी त्याचा पत्ता नाही म्हणून कव्हरवर लोगो नाही, कधी पत्ता आहे म्हणून नुसत्या शिक्क्यावर लोगो छापला. दोन्ही डिस्कांत मामाचा दिवा लागला असता.

पहिली मात्र खरी. पीक एक्स्टेंड कायम चालू म्हणजे मास्टर करताना वरची शिखरं ठरलेल्या वळणाने दाबली आहेत, जेणेकरून १६ बिटांत एकूण आवाज मोठा बसेल. डीकोडर ते वळण उलटं लावतो आणि शिखरं ६ डेसिबलपर्यंत वर जातात. वर जायला जागा पाहिजे, म्हणून तो आधी सगळंच तेवढं खाली आणतो. तुमचा आवाज दबलेला नाही, बसवलाय खाली. डॅकची घुंडी तेवढी वर करून ऐका. पातळी न जुळवता तुलना केली तर मोठं वाजणारं नेहमी बरं वाटतं, मग ते कितीही दाबलेलं असो.

कुठे ऐकायचं तेही सांगतो. गायकाच्या आवाजाकडे जाऊ नका. स्नेअर ड्रमचा फटका ऐका, पियानोची पहिली ठोक ऐका. मूळ फाइलमध्ये फटका कागदी पुठ्ठ्यावर पडल्यासारखा बोथट लागेल, डीकोड केलेल्यात त्याला टोक असेल. हळू भागात दोन्ही सारखेच वाटतील, कारण तिथे शिखरं नाहीतच.

एक विचारतो: डीकोड करून फाइल कशात जतन केलीत? वेव्हमध्ये केली असेल तर एफएफएमपेग मुकाट १६ बिटांवर कापतो. वेगळं सांगावं लागतं की २४ बिट ठेव. फ्लॅकमध्ये काढलीत तर हा प्रश्न येत नाही.

नील यंग किंवा ग्रेटफुल डेडच्या नव्वदीतल्या सीड्या खोक्यात असतील तर त्या आधी तपासा. त्या मंडळींनी एचडीसीडी मनापासून वापरलंय.

---

वैदर्भी

विषय थोडा बाजूचा आहे, पण इथे जाणकार जमलेत म्हणून विचारून घेते. मी अमरावतीला सुगम संगीताचा क्लास घेते. दरवर्षी मुलींच्या कार्यक्रमाची ऑडिओ सीडी करून पालकांना देतो, अजूनही. बऱ्याच जणांच्या जुन्या गाड्यांत सीडीच आहे. बर्निंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सीडी-टेक्स्ट असा पर्याय दिसला म्हणून गाण्यांची नावं आणि मुलींची नावं देवनागरीत भरली. गाडीत लावली तर पडद्यावर ओळीने प्रश्नचिन्हं. एका आईने फोन करून विचारलं, "मॅडम, माझ्या मुलीचं नाव का नाही आलं?" दुसरं सॉफ्टवेअर घेतलं तर येईल का?

---

जुनी_तबकडी

नाही येणार हो ताई, आणि यात तुमच्या सॉफ्टवेअरचा दोष नाही. सीडी-टेक्स्ट १९९६ चं. नावं डिस्कच्या अगदी सुरुवातीला, लीड-इनमध्ये, तिथल्या सबकोडमध्ये (जादा माहितीच्या जागेत) बसवतात. अक्षरं कोणती चालतील तेही तेव्हाच ठरलं: साधी रोमन, युरोपातली चिन्हवाली रोमन, आणि जपानी. देवनागरीला त्यात जागाच ठेवलेली नाही. युनिकोड नाही म्हणजे मराठी, हिंदी, कन्नड, कुणाचंच नाव मावत नाही. काही बर्निंग सॉफ्टवेअर देवनागरी टाइप करू देतात आणि लिहिताना प्रश्नचिन्हं करून टाकतात, ते वाईट.

रोमनमध्ये भरा, साधी अक्षरं, वर रेघा-टिंबं न देता. ते बहुतेक गाड्यांत दिसेल. ज्यांच्या गाडीत यूएसबी आहे त्यांना पेनड्राइव्हवर एमपीथ्री द्या, त्याच्या टॅगमध्ये देवनागरी बसते. गाडीच्या पडद्यात देवनागरीचा फाँट असेल तर मुलीचं नाव दिसेल, नसेल तर चौकोन. एका गाडीत तपासून मगच सगळ्यांना वाटा.

---

वैदर्भी

कळलं. म्हणजे यंदा नावं रोमनमध्ये आणि कव्हरवर छापील देवनागरी. आभारी आहे.

---

पेठेतला_पक्या

काका, वेव्हमध्येच काढली होती! म्हणजे १६ वरच कापली गेली असणार. आता पुन्हा फ्लॅकमध्ये काढली, २४ बिट दाखवतंय. पातळी जुळवून स्नेअर ऐकला. फरक आहे. फार मोठा नाही, पण एकदा लक्षात आला की मूळ फाइलमध्ये तो बोथटपणा सारखा जाणवतो. जाझवाल्या सीडीत काहीच फरक नाही, तुम्ही म्हणालात तसंच.

डीव्हीडी-ऑडिओही लागली, २४ बिट, ९६. एसएसीडीची दुसरी डिस्क बेळगावकरांच्या पीएस३ ची वाट बघत राहील.

शेवटचा प्रश्न: साठवताना काय ठेवू? डीकोड केलेली २४ बिटची फ्लॅक ठेवून मूळ १६ बिटची उडवली तर चालेल का? लॅपटॉपच्या हार्ड डिस्कवर जागा कमी आहे.

---

जुनी_तबकडी

उलट करा. मूळ १६ बिटची ठेवा, ईएसीच्या लॉगसकट (उतरवताना काय झालं त्याची नोंद). तिच्यातून २४ ची कधीही पुन्हा काढता येते, उद्या कुणी चांगला डीकोडर लिहिला तर त्यातूनही. २४ वरून मागे येता येत नाही. शिवाय फूबारमध्ये कॉम्पोनंट घातला आहेच, तो वाजवतानाच डीकोड करतो, वेगळी फाइल लागतच नाही. फक्त फूबारच्या आउटपुटमध्ये डॅकच्या नावापुढे एक्सक्लुझिव्ह असलेली नोंद निवडा आणि २४ बिट करा, नाहीतर विंडोजचा मिक्सर मधे हात घालतो. डीटीएसची फ्लॅकही तशीच ठेवा, आणि फाइलच्या नावातच डीटीएस लिहा, म्हणजे घरातल्या कुणी चुकून मोबाइलवर लावून कानाचं वाटोळं करून घेणार नाही.